तिचं तिने सांगावं

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचंय ते पाळी येण्याआधीच्या दिवसांबद्दल, आणि मुख्यतः घरातल्या पुरुषांशी. बायकांनी रेडिओ बंद करायची गरज नाही. सासूबाईंनी तर मुळीच करू नये.

आधी शरीराचं बघू. पाळीच्या आधीचा आठवडा, कधी दोन आठवडे, बऱ्याच जणींचं अंग जड होतं, पोट फुगतं, छाती दुखरी होते, डोकं धरतं, झोप लागत नाही. कुणाला उगाच रडू येतं, कुणाचा पारा चढतो. पाळी सुरू झाली की थोड्याच दिवसांत हे ओसरतं. बीज बाहेर पडल्यावर शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि पाळीच्या तोंडावर झपाट्याने उतरतं. जिला त्रास होतो तिच्या रक्तात हार्मोन कमी-जास्त असतातच असं नाही, त्या चढउताराची झळ तिच्या मेंदूला जास्त लागते. 1953 साली कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन या दोन ब्रिटिश डॉक्टरांनी प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम या नावाने यावर लेख लिहिला. त्यालाच आपण आज पीएमएस म्हणतो. तेव्हा ही थेरं नाहीत, एवढं पक्कं धरून पुढे जाऊ.

आता एक घर डोळ्यांसमोर आणा. रविवारची सकाळ, नणंद सहकुटुंब आलेली. स्वयंपाकघरातून कप आपटल्याचा आवाज येतो. नवरा समजूतदार आहे. तो हॉलमधून म्हणतो, "तिला आज काही बोलू नका हं, तिची तारीख जवळ आलीय." हेतू चांगलाच. पण हॉलमध्ये नणंदेचे यजमान बसलेत, सासरे पेपर वाचतायत, शाळकरी भाचा मोबाइलमधून मान वर करतो. आत ती गाळणं हातात धरून तशीच उभी. मग दिवसभर ती काहीही बोलो, तिचा प्रत्येक शब्द तारखेच्या खात्यात जमा. कप आपटला, कारण सकाळपासून सगळ्यांचा चहा-नाश्ता ती एकटी बघत होती आणि कुणी उठून ताटल्यासुद्धा उचलल्या नव्हत्या. ते विचारायचं राहूनच गेलं.

मला यात दोन गोष्टी खटकतात. तिची गोष्ट त्याने चारचौघांत सांगितली, ही एक. आणि तिच्या रास्त तक्रारीचं वजन त्याने एका वाक्यात शून्य केलं, ही दुसरी. खरं तर पीएमएसच्या दिवसांत बाई नवीन भांडण शोधत नाही. पुष्कळदा एरवी गिळलेलं तेव्हा बाहेर येतं, एवढंच. त्यामुळे भांडणात "तारीख जवळ आली वाटतं" हे वाक्य कधीही काढू नका. तारीख खरोखर जवळ असली तरी.

आपली गंमत अशी, की मेडिकलवाला पॅडचं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून, काळ्या पिशवीत घालून देतो आणि घरी मात्र कुणाची कधी येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पूर्वी बाई बाहेर बसायची तेव्हा कावळा शिवल्याची बातमी शेजारपाजारी पोचायची. आता गौरी-गणपती आले की सुनेने पाळी पुढे ढकलायची गोळी घ्यावी की नाही यावर सगळ्यांसमोर खल होतो. त्या गोळीने कुणाकुणाला छाती दुखणं, उदास वाटणं हे वेगळंच मागे लागतं. सासूबाई, एवढं तिच्यावर आणि तिच्या डॉक्टरांवर सोडा. आणि "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" हेही नको. तुम्हालाही होतं, विचारणारं कुणी नव्हतं.

मग करायचं काय? महिन्यातल्या एखाद्या निवांत दिवशी, दोघंच असताना विचारा: "त्या दिवसांत मी काय केलं तर तुला बरं वाटतं? आणि काय नकोसं होतं?" उत्तर कदाचित "मला जरा एकटीला राहू दे" एवढंच येईल. तेवढंच करा, रुसू नका. कामं उचलायची तर कारणाची पाटी न लावता उचला. खिचडी टाका, मुलांना खाली खेळायला न्या. पाहुण्यांचा फोन आला तर "या रविवारी आम्हाला जमत नाहीये" म्हणा, "हिला बरं नाही" नको. त्यापुढे "काय झालं?" येतंच. मित्रांच्या ग्रुपवर बायकोच्या मूडवर विनोद टाकणाऱ्यांना मी काय सांगू?

फोनवरच्या ॲपमध्ये ती तारखा लिहीत असेल तर ते ॲप तिचं. तुमच्या फोनवर हवंच कशाला? पाळीच्या नोंदींचं एक लोकप्रिय ॲप वापरणाऱ्यांची माहिती बाहेरच्या कंपन्यांना देतं, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला होता. 2021 मध्ये ते प्रकरण तडजोडीने मिटलं. डॉक्टर निदानासाठी साधारण दोन महिन्यांच्या नोंदी मागतात, त्यासाठी साधी वही पुरते. तीही उघडून बघायची नाही.

एका बाबतीत मात्र गप्प बसू नका. काही थोड्या जणींना याचा फार तीव्र प्रकार होतो, त्याला पीएमडीडी म्हणतात. 2013 पासून अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत तो स्वतंत्र आजार म्हणून नोंदलेला आहे. घोर निराशा येते, जगू नये असं वाटतं. यावर चांगली औषधं आहेत. काही जणींना ती पाळीआधीच्या दिवसांपुरतीच घ्यावी लागतात. जगू नये असं काही ती बोलली तर तिला एकटी सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही लागतो. कुणाला सांगताय ते मात्र तिला आधी सांगा, आणि गरजेपुरत्याच माणसांना सांगा. आत्याबाई त्यात येत नाहीत.

दवाखान्यात बरोबर जरूर जा. डॉक्टर म्हणाल्या, "जरा हिच्याशी एकटीशी बोलते," तर निमूट उठून बाहेरच्या बाकावर बसा. घरी परतताना "काय म्हणाल्या?" हे विचारायची घाई करू नका. सांगायचं असेल तर ती सांगेल.

नमस्कार.