आधी यादी, मग खोली

श्रोतेहो, नमस्कार. वस्तीतल्या मुलांसाठी काहीतरी करायचं ठरलं, की मंडळी सगळ्यात आधी खोली शोधतात. रंग होतो, फळा लागतो, पहिल्याच दिवशी खोली भरते. पण आलेली मुलं म्हणजे ज्यांना येणं जमतं ती. धाकट्याला कडेवर घेऊन घर राखणारी मुलगी, बाहेरून कडी लावून आत ठेवलेलं लेकरू, चालता न येणारं मूल, यांतलं कुणी तिथे नसतं. खरी गरज त्यांना असते, म्हणून सुरुवात घरोघर जाऊन केलेल्या यादीनं करावी.

दोघांनी मिळून जावं, त्यात एक बाई त्याच वस्तीतली हवी. जावं संध्याकाळी, माणसं कामावरून परतल्यावर. गल्ल्यांचा नकाशा हातानं काढा, त्यात नळ, शौचालयं, उघडी गटारं, लोंबत्या तारा दाखवा. घरांना क्रमांक द्यायचे ते नकाशावरच. दारावर खडूनं खूण केलीत, तर घरं पाडायला माणसं आली असं वाटून लोक दारं लावून घेतात. आणि ‘तुम्हाला मुलं किती?’ असं विचारू नका. उत्तरात फक्त पोटची मुलं येतात. भाचा, सावत्र मुलगी, गावाहून आणून ठेवलेलं पोर राहून जातं. ‘काल रात्री या घरात कोण कोण झोपलं होतं?’ असं विचारलं की सगळी नावं येतात. कुलूपबंद घरापुढे ‘कुणी नाही’ लिहू नका, पुन्हा जा.

याच फेरीत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंडघेर मोजून घ्यावा. डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर खूण करायची, मग हात सैल सोडून फीत लावायची. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत असेल तर मध्यम. चुका बहुतेक ठरलेल्याच: बाहीवरून मोजणं, रडणाऱ्या मुलाच्या दंडावर फीत आवळणं. दोन-तीन मिलिमीटरनं मूल एका गटातून दुसऱ्यात जातं, म्हणून माप दोनदा घ्या. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून पाहा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर फीत काहीही सांगो, मूल त्याच दिवशी दवाखान्यात गेलं पाहिजे.

आता खोलीकडे वळू. तिची वेळ आयांच्या कामाच्या वेळेवरून ठरवा. आई पहाटे कामाला जात असेल, तर दहाला उघडणारं पाळणाघर तिच्या काय उपयोगाचं? दोन वर्षांखालच्या तीन-चार बाळांमागे एक मोठं माणूस लागतंच. पैसे कमी असतील तर बाळं कमी घ्या, माणसं कमी करू नका. कुणीही मोठं माणूस मुलाबरोबर बंद दाराआड एकटं नसावं. मुलाला न्यायला कोण येणार, त्याचं नाव आधीच वहीत हवं.

जुलाबासाठी जलसंजीवनीची पुडी ठेवाल, तर पुडीवर लिहिलेलं पाण्याचं माप पाळा. एक लिटरची पुडी असेल तर अख्खी पुडी एक लिटरमध्येच. चिमूट-चिमूट पेल्यात घातली की क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि फार खारट पाणी मुलाला अपाय करतं. उरलेलं चोवीस तासांनी ओतून द्या. दवाखान्यातून झिंकच्या गोळ्या मिळाल्या असतील, तर जुलाब थांबले तरी ठरलेले दहा ते चौदा दिवस पूर्ण करायच्या. नेमकं हेच पाळलं जात नाही.

राहता राहिली ती यादी. भाड्यानं राहणारी कुटुंबं सारखी हलतात, म्हणून दर तीन महिन्यांनी पुन्हा फेरी मारा. कुणी वस्ती सोडून निघालं, तर मुलाची मापं, लशी आणि चालू औषधं लिहिलेली चिठ्ठी आईच्या हाती द्या. वहीत त्याचं नाव खोडू नका, पुढे ‘कुठे गेलं’ एवढं लिहून ठेवा.