जो उंदीर पडत नाही

श्रोतेहो, नमस्कार.

प्लेगच्या आठवणी ज्या घरांत अजून सांगितल्या जातात, तिथे एक वाक्य हमखास कानावर येतं: 'उंदीर पडायला लागले.' 1896-97 साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग आला. त्यानंतर कितीतरी वर्षं गावोगाव लोकांनी हीच खूण धरली. माळ्यावर, आढ्याखाली उंदीर मरून पडू लागले की बाडबिस्तरा उचलायचा आणि गावाबाहेर माळावर झोपडी टाकायची. खूण खरी होती. प्लेगचा जंतू आधी उंदराला मारतो, त्याचं अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात आणि माणूस गाठतात.

आज ज्या तापांबद्दल बोलायचं आहे, त्यांत ही खूण मिळत नाही. उंदरांकडून माणसाला होणारे रक्तस्रावी ताप विषाणूंमुळे येतात आणि त्यांचा विषाणू वागवणारा उंदीर पडत नाही. तो खातो, पितो, घरभर फिरतो. जाईल तिथे त्याच्या मुतातून, लाळेतून विषाणू सांडत राहतो. ते मूत वाळतं, धुळीत मिसळतं, धूळ श्वासात जाते. कधी ते धान्यावर पडतं, कधी हाताच्या चिरेतून आत शिरतं. अशा वेळी खूण शोधायची कुठे? या प्रश्नाचं उत्तर बोलिव्हियातल्या एका लहान गावात मिळालं, म्हणून तिथून सुरुवात करू.

बोलिव्हियाच्या उत्तरेला बेनी नावाचा सपाट, गवताळ प्रदेश आहे. 1959 पासून तिथे एक ताप दिसू लागला. आधी अंग मोडून येणारा ताप, मग हिरड्यांतून आणि नाकातून रक्त, काही रुग्णांच्या जिभेला आणि हातांना कंप. लोक त्याला 'काळा टायफस' म्हणत. 1962 ते 1964 या काळात सान होआकिन या गावाला त्याने ग्रासलं. गावाची वस्ती दोन-तीन हजारांची आणि रुग्ण सहाशेंहून जास्त, मृत्यू शंभरावर. पनामातल्या अमेरिकी संशोधन केंद्रातून कार्ल जॉन्सन, रोनाल्ड मॅकेन्झी आणि परिसंस्थेचे जाणकार मर्ल कुन्स तिथे गेले. जॉन्सन आणि मॅकेन्झी दोघांनाही हाच ताप आला आणि दोघंही वाचले. 1963 साली दगावलेल्या एका लहान मुलाच्या प्लीहेतून विषाणू वेगळा करता आला. जवळच्या नदीवरून त्याचं नाव ठेवलं 'माचुपो'.

विषाणू सापडला म्हणजे काम संपलं नाही. तो घरात येतो कुठून? डास पकडून तपासले, गोचिडी तपासल्या, वटवाघळं तपासली. तो सापडला कॅलोमिस नावाच्या लहानशा रानउंदरात. मुळात हा गवतात राहणारा प्राणी. त्या भागातले गुरांचे मोठे कारभार मोडले तसे लोक घराजवळ मका आणि इतर पिकं घेऊ लागले, आणि दाण्यामागे उंदीर घरात आला. गावात मांजरंही फार उरली नव्हती. मलेरियासाठी फवारलेल्या डीडीटीने ती मेली असावीत असा तेव्हा दाट संशय होता, पण तो सिद्ध झालेला नाही.

आता मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा भाग. 1964 साली संशोधकांनी गावाचे दोन भाग केले. एका भागात घरोघर सापळे लावले, दुसऱ्या भागात तूर्त नाही. सापळे लावलेल्या भागात सुमारे दोन आठवड्यांत नवे रुग्ण येणं थांबलं, दुसऱ्या भागात येतच राहिले. मग तिथेही सापळे लावले, तिथेही साथ थांबली. हे दोन आठवडे कसे आले ते नीट लक्षात घ्या. विषाणू शरीरात शिरल्यापासून ताप येईपर्यंत साधारण एक ते दोन आठवडे जातात. आज उंदीर संपला तरी कालपर्यंत लागण झालेली माणसं पुढचे दोन आठवडे आजारी पडतच राहणार. पहिल्या आठवड्यातच 'सापळ्यांनी काही होत नाही' म्हणून हात टेकले असते, तर सगळा प्रयोग वाया गेला असता. उपाय चालू केल्यावर निकाल कधी पाहायचा, ते रोगाच्या या सुप्तकाळावरून ठरतं. त्या वेळी ना लस होती, ना औषध. साथ थांबली ती सापळ्यांनी.

सापळे लावणं हे दिसतं तेवढं सोपं काम नाही. उंदीर खोलीच्या मधून धावत नाही. तो मिशा भिंतीला घासत, कडेकडेने जातो. म्हणून पिंजरा भिंतीलगत ठेवायचा आणि त्याचं तोंड उंदराच्या वाटेवर येईल असं करायचं. संध्याकाळी लावायचा आणि उन्हं चढायच्या आत उचलायचा. उशीर झाला की पत्र्याच्या पेटीत उंदीर उकाड्याने मरतो, मुंग्या लागतात, नमुना हातचा जातो. प्रत्येक पिंजऱ्याला क्रमांक हवा, आणि त्यासोबत घर, खोली, तारीख. नोंद चुकली तर उंदीर हातात असूनही तो कोणत्या घरातला ते सांगता येत नाही, आणि मग त्याचा उपयोग शून्य.

मोजणी होते ती 'सापळा-रात्रीं'नी. समजा 40 घरांत प्रत्येकी 5 पिंजरे 3 रात्री लावले, तर 600 सापळा-रात्री झाल्या. उंदीर मिळाले 48, म्हणजे शंभर सापळा-रात्रींमागे 8. हा आकडा महिन्या-महिन्याला ताडून पाहता येतो. नुसतं 'यंदा उंदीर फार झालेत' एवढ्यावरून काही ताडता येत नाही. दार पडलेलं पण पिंजरा रिकामा, अशांची अर्धीच रात्र धरतात, कारण दार पडल्यानंतर तो पिंजरा काही पकडूच शकत नव्हता. हा हिशेब विसरला तर उंदीर आहेत त्यापेक्षा कमी दिसतात.

आणखी एक गोष्ट. एकदा उंदीर पकडले की झालं, असं होत नाही. रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या शेतातले उंदीर येतात. सापळे थोडे का होईना, पण सतत लागतात.

आणि ती खूण? ती उंदराच्या पोटात सापडली. माचुपोची जुनी लागण असलेल्या कॅलोमिसची प्लीहा, म्हणजे आपल्या बोलीतली पाणथरी, वाढलेली असते. प्रशिक्षित माणसाने उघड्या हवेत, हातमोजे आणि मुखवटा घालून पकडलेला उंदीर उघडला की ती दिसते. त्यामुळे गावोगाव पाहणी करताना कोणत्या वस्तीत आधी धाव घ्यायची ते ठरवता आलं. इतर आजारांनीही पाणथरी वाढते, म्हणून प्रयोगशाळेची खात्री लागतेच. पण प्रयोगशाळा शेकडो मैल लांब असताना ही खूण मोलाची होती.

उंदीर आजारी का पडत नाही? पिल्लू जन्मताच विषाणूच्या तावडीत सापडलं, तर त्याचं शरीर विषाणूला परका मानतच नाही. तो आयुष्यभर रक्तात राहतो, मुतातून बाहेर पडतो. अशा माद्यांना पिल्लं मात्र फार कमी होतात, गर्भ पोटातच मरतात. म्हणून ज्या शेतात आज लागण दाट आहे तिथे पुढे उंदीर कमी होतात, आणि उंदीर वाढले की लागण पुन्हा पसरते. एका वर्षाच्या पाहणीवर विसंबता येत नाही ते यामुळे.

शेजारच्या अर्जेंटिनात असाच विषाणू 1958 साली ओळखला गेला, त्याचं नाव हुनिन. तिथला उंदीर कॅलोमिसचाच भाऊबंद, पण तो घरात न येता मक्याच्या शेतात आणि बांधावरच्या गवतात राहतो. त्यामुळे आजारी पडत ते मुख्यतः कापणीवरचे पुरुष. इतक्या विस्तीर्ण रानात सापळे कुठे कुठे लावणार? तिथे उपाय बदलावा लागला. बऱ्या झालेल्या रुग्णांच्या रक्तातला द्रव भाग, प्लाझ्मा, आजाराच्या पहिल्या आठ दिवसांत दिला, तर मृत्यूचं प्रमाण 16 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर येतं, हे डॉ. हुलिओ मैझतेगी यांच्या गटाने 1979 साली दाखवलं. नवव्या दिवशी दिलेल्या प्लाझ्माचा तसा गुण येत नाही. प्लाझ्मा मिळालेल्यांपैकी दहातल्या एकाला काही आठवड्यांनी मेंदूशी संबंधित त्रास होतो, हेही तिथल्या डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे लस आली, 'कॅन्डिड वन'. साडेसहा हजार शेतमजुरांपैकी निम्म्यांना लस आणि निम्म्यांना नुसतं पाणीवजा इंजेक्शन दिलं. कोणाला काय मिळालं ते टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पुढे 23 जणांना हा ताप आला. त्यांतले 22 लस न मिळालेले होते.

कोरियाची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. 1950 ते 53 च्या युद्धात संयुक्त राष्ट्रांच्या तीन हजारांहून अधिक सैनिकांना ताप येऊन मूत्रपिंडं निकामी झाली. कारण मात्र पंचवीस वर्षं सापडेना. डॉ. हो वांग ली यांनी 1976 साली ते पट्टेवाल्या शेतउंदरात पकडलं. पद्धत अशी होती: उंदराच्या फुप्फुसाचे गोठवलेले पातळ काप घ्यायचे, त्यावर बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्ताचा निवळ सोडायचा. रुग्णाची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने तयार केलेली प्रथिनं, विषाणूला चिकटली, तर वरून लावलेल्या रंगामुळे सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक दिसते. ती खरी कशी मानायची? त्याच रुग्णाचा आजाराच्या पहिल्या दिवसांतला निवळ लावला तर चमक दिसता कामा नये, कारण तेव्हा प्रतिपिंडं तयार झालेली नसतात. काही आठवड्यांनंतरचा लावला तर दिसलीच पाहिजे. अशी जोडी जुळली तरच मानायचं. रोग मूत्रपिंडाचा आणि विषाणू सापडला उंदराच्या फुप्फुसात! हंतान नदीवरून त्याला 'हंतान' म्हणतात, आणि त्याच्या सगळ्या कुळाला 'हंता'.

या कुळाशी आपल्या देशाचा जुना संबंध आहे. 1964 साली तमिळनाडूत वेल्लोरजवळ थोट्टपाळयम इथे पकडलेल्या एका चिचुंद्रीत एक विषाणू मिळाला. तो हंता कुळातला असल्याचं पुष्कळ वर्षांनी समजलं. चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती उंदीर नव्हे, आणि तिच्या विषाणूने माणसात साथ आणल्याचा पुरावा नाही. पुढे वेल्लोरच्याच संशोधकांना गोदामांत काम करणाऱ्या आणि उंदीर पकडणाऱ्या काही जणांच्या रक्तात हंताविरुद्धची प्रतिपिंडं आढळली.

महाराष्ट्रात पावसाळ्यात उंदरांमुळे येणारा मोठा आजार आहे लेप्टोस्पायरोसिस. तो जीवाणूंचा, प्रतिजैविकांनी बरा होणारा. आणि सिंधुदुर्ग व गोव्यातला माकडताप रक्तस्रावी तापांतच मोडतो, पण तो गोचिडीने होतो. हे दोन आणि उंदरांचे विषाणूजन्य ताप, हे तिन्ही एकात मिसळू नयेत, कारण तिन्हींपासून बचाव वेगळा आहे.

बंद घर, धान्याची कोठी, माळा साफ करायची रीत मात्र सगळीकडे कामी येते. आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. रबरी हातमोजे घाला. लेंड्या दिसल्या की झाडू हातात घेऊ नका. सगळ्यांत घातक तेच आहे, कारण झाडल्याने वाळलेलं मूत हवेत उडतं. एक लिटर पाण्यात 15 ग्रॅम ब्लीचिंग पावडर मिसळा, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी लेंड्यांवर, मुताच्या डागांवर भरपूर ओता. पाच मिनिटं थांबा. मग कागदाने किंवा टाकाऊ फडक्याने टिपा, पिशवीत बांधा, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. मेलेला उंदीरही असाच भिजवून, दोन पिशव्यांत. पावडर जुनी, दमट झालेली असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. डबा उघडल्यावर झोंबरा वास आला नाही तर ती टाकून द्या. द्रावण रोजचं रोज करा. संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

सफाईनंतर भोकं बुजवा. लहान उंदराला 6 मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे तिच्यात पेन्सिल शिरली तर उंदीरही शिरतो. नुसत्या सिमेंटचा लिंपण तो कुरतडतो, म्हणून आत बारीक लोखंडी जाळी घालून वर सिमेंट भरा. कोकणच्या दमट हवेत जाळी गंजते, दर पावसाळ्यानंतर एकदा बोटाने दाबून बघा. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, आणि डबा भिंतीपासून वीतभर दूर, म्हणजे मागे काय चाललंय ते दिसतं.

आणि ताप आला, त्यात लघवी कमी झाली किंवा कुठून रक्त आलं, तर डॉक्टरांनी न विचारताही एवढं सांगा: गेल्या दोन महिन्यांत कुठलं बंद घर उघडलं, कुठलं गोदाम झाडलं, कुठल्या शेतात राखणीला झोपलात, पाण्यात पाय किती वेळ होते, आणि जंगलात गोचीड चिकटली होती का. दोन महिने एवढ्यासाठी, की हंताच्या विषाणूला ताप आणायला कधी कधी सात-आठ आठवडेही लागतात, आणि तोवर ती सफाई आपण विसरून गेलेले असतो.

नमस्कार.