मेरी एन्सवर्थ: ७२ तास आणि २० मिनिटं

(दृश्य: युगांडाचा जुना नकाशा, कम्पालावर थांबतो)

१९५४. नवऱ्याला युगांडात काम मिळालं, म्हणून मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ कम्पालाला आल्या. टोरांटोची पीएच.डी., युद्धकाळात कॅनडाच्या सैन्यात मेजर, मग लंडनला मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बींच्या हाताखाली संशोधन. बाळ आईला चिकटतं ते दुधापायी, असं तेव्हा बहुतेकजण धरून चालत. बोल्बींना ते मान्य नव्हतं; आईची ओढ उपजतच असते, असं ते म्हणत. आणि एन्सवर्थना बोल्बींचं पटत नव्हतं!

कम्पालाजवळच्या गावांतली २६ घरं, २८ बाळं. दर पंधरवड्याला दुभाषी बाईंना घेऊन जायचं, दोन तास आईशी बोलत बसायचं, नजर मात्र बाळावर. बाळ रांगत लांब जातं. थबकतं. आई जागेवर आहे ना, वळून बघतं आणि पुन्हा निघतं. दुधाचा हिशेब इथे लागेना. आणखी एक लक्षात आलं. ज्या आया बाळाबद्दल न विचारताही बारीकसारीक सांगत सुटत, त्यांची बाळं सहसा निर्धास्त असत.

(दृश्य: बाल्टिमोर, साठचं दशक)

पुढे अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात, १९६३ पासून पुन्हा २६ कुटुंबं. दर तीन आठवड्यांनी चार-चार तास; वर्षभरात एकेका बाळामागे सुमारे ७२ तास. पण आई दुसऱ्या खोलीत गेली, तरी इथली बाळं बहुतेक वेळा ढिम्म. घरातल्या ये-जा त्यांच्या सवयीच्या. म्हणून मग परकी खोली, खेळणी, एक अनोळखी बाई आणि जेमतेम २० मिनिटं. आई दोनदा बाहेर जाते, दोनदा परत येते.

बघणाऱ्याला वाटतं, रडण्यावरून सगळं कळेल. एन्सवर्थ पाहत होत्या ते आई परतल्यानंतरचं. एक बाळ तिला बिलगतं, शांत होतं, खेळायला लागतं. दुसरं ‘घे’ म्हणून हात पसरतं आणि उचलल्यावर लाथा झाडतं. तिसरं तिच्याकडे पाठ फिरवून खेळण्यात गुंग. आपल्याकडे याला गुणी बाळ म्हणतील. पुढे इतर संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले निघाले.

‘सारखं उचललं की सवय लागते’ हे घरोघरी ऐकू येतं. १९७२ मध्ये एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी याच बाल्टिमोरच्या नोंदींवरून उलटं मांडलं: पहिल्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला आई लगेच ओ देते, ती बाळं वर्षाच्या सुमाराला कमी रडतात. त्यावर वाद झाले, होणारच होते.

(दृश्य: आरशाच्या काचेमागून दिसणारी रिकामी खोली)

१९७८ मध्ये एन्सवर्थ आणि सहकाऱ्यांचं यावरचं पुस्तक आलं आणि २० मिनिटांचा प्रयोग जगभर पोचला. खोली भाड्याने मिळते. परक्याच्या घरी वर्षभर जाऊन बसायला माणसं लागतात, अनुदान लागतं, धीर तर लागतोच. त्यामुळे प्रयोग उचलणारे खूप झाले, घरी जाणारे थोडे. एन्सवर्थनी याबद्दलची नाराजी पुढे बोलूनही दाखवली.