अमेरिकेला निघालेलं विमान जपानकडे का वळतं?

नमस्कार. विषय दिलाय दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को, अंतर किती आणि वेळ किती. त्यावर येतोच, पण आधी भिंतीवरच्या नकाशाबद्दल बोलू द्या, माझा खरा राग तिथे आहे. आपण सगळे त्याच्यावरच शिकलो, डाव्या कडेला अमेरिका, उजव्या कडेला जपान. त्या दोन कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत हे मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं, पोरं माना डोलवायची आणि पेपरात अमेरिका पुन्हा लांब पश्चिमेला. शाळेतला पृथ्वीगोल मागावा तर तो कपाटात कुलूपबंद, म्हणे फुटेल. अहो फुटू दे की!

2017 ला ह्याच दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमानाने लेकीकडे निघालो होतो. शेजारच्या सीटवर साताऱ्याकडच्या एक मावशी, पहिलाच विमानप्रवास, समोरच्या स्क्रीनवरून नजर हलेना. मध्येच माझा दंड धरून म्हणाल्या, "अवो भाऊ, पोरगा तर म्हनतो अमेरिका पश्चिमेला, मग ह्यांनी चीनकडं कुठं वळवलं?" इतका चांगला प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. त्यांच्या पिशवीत विणायची लोकर होती, माझ्याकडे जेवणातलं संत्रं. नखाने दोन खुणा केल्या, इकडे दिल्ली, तिकडे सॅन फ्रान्सिस्को, आणि लोकर ताणून धरली. ती पश्चिमेलाही जाईना, पूर्वेलाही जाईना, थेट देठाजवळून गेली, म्हणजे उत्तर ध्रुवाकडून! ही सगळ्यात जवळची वाट, साधारण 12,400 किलोमीटर. मावशी लगेच, "मग आपन तिकडून का न्हाई चाललो?"

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय, तर भराभर सांगतो.

कारण वारा. दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा झोत वाहतो, जेट स्ट्रीम, कित्येकदा ताशी दोनशे किलोमीटरच्या वर. एअर इंडियाचं हे विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर, पण वारा तोंडावर. ऑक्टोबर 2016 मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं, 15,300 किलोमीटर, पण वारा पाठीवर, आणि साडेचौदा तासांत पोचलं. चौदाशे किलोमीटर जास्त उडून जवळजवळ दोन तास आधी!

पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, विमान वर थांबलं की अमेरिका आपोआप खाली येईल, असं बरेच जण समजतात. तसं नाही, हवा पृथ्वीबरोबरच फिरते, फरक पडतो तो वाऱ्याने. हा झोत जपानचे हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात फुगे सोडून मोजला होता, पण अहवाल लिहिला एस्पेरांतो ह्या मुद्दाम बनवलेल्या, फार थोड्यांना येणाऱ्या भाषेत, तो वाचणार कोण?

आणि देठाजवळची वाटही वापरतात बरं का. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला विमान उत्तर ध्रुवावरूनच आणलं. गोल आणि लोकर टेबलावर ठेवलीय, चहा घेताना ताणून बघा.