हौद्यावरचं झाकण आणि वजनकाट्याची पावती

नमस्कार मंडळी. आजचा विषय असा: पिकअपच्या हौद्यावर कव्हर बसवलं, तर कॅलिफोर्नियातली रजिस्ट्रेशन फी वाढते का? बाहेर पार्किंगमध्ये पिकअप उभ्या दिसताहेत, त्यामुळे पिकअप म्हणजे काय हे सांगत बसत नाही. एवढंच लक्षात ठेवा की घरच्या वापराची असली, तिच्यातून कधी भाड्याचं पोतं गेलं नसलं, तरी इथे पिकअप कमर्शियल गाडीत मोडते. म्हणून तिची नंबरप्लेट वेगळी आणि बिलात एक जादा ओळ असते, वेट फी. कव्हरचा संबंध मुख्यतः या ओळीशी आहे.

दोन चाकजोड्यांच्या साध्या पेट्रोल-डिझेल गाडीला ही फी पायरीपायरीने चढते. रिकामं वजन ३,००० पौंडांच्या आत असेल तर ८ डॉलर, ४,००० पर्यंत २४, ५,००० पर्यंत ८०, ६,००० पर्यंत १५४, ७,००० पर्यंत २०४. हा जिना आहे, घसरगुंडी नव्हे. दहा-वीस पौंड वाढल्याने फी थोडी थोडी वाढत नाही. पायरी ओलांडली तरच वाढते, आणि मग एकदम वाढते.

आता कव्हर. गुंडाळायचं व्हिनाइलचं साधारण ३० ते ५० पौंड, ॲल्युमिनियमचं घडीचं ५० ते ८०, सरकून डबीत जाणारं शंभराच्या आसपास, आणि फायबरग्लासचं उंच टोपण दीडशे-दोनशेच्या घरात. गाडी ४,८५० पौंडांची आणि कव्हर ६० चं, तर बेरीज ४,९१०, फी तीच ८०. गाडी ४,९६० ची असेल आणि तेच कव्हर वजनात धरलं गेलं, तर ५,०२० होतात आणि दरवर्षी ७४ डॉलर जादा. कव्हर एकच, दुकान एकच. म्हणून कोणतं कव्हर घ्यावं असं कुणी विचारलं, की मी आधी गाडीचं रिकामं वजन विचारतो.

‘रिकामं वजन’ या शब्दापाशी मला जरा थांबायचं आहे, कारण सगळा घोळ तिथे होतो. इथल्या व्हेइकल कोडच्या कलम ६६० मध्ये त्याची व्याख्या आहे. बॉडी आणि मडगार्डसह रस्त्यावर निघायला तयार गाडी, इंजिनात ऑइल, रेडिएटर पाण्याने भरलेला आणि टाकीत पाच गॅलन पेट्रोल. पाचच गॅलन! पूर्ण टाकी नव्हे. पेट्रोल गॅलनला साधारण सहा पौंड भरतं. २३ गॅलनची टाकी काठोकाठ भरून वजनकाट्यावर गेलात, तर १८ गॅलन फाजील, म्हणजे १०८ पौंड. ज्या कव्हरची चिंता करत होतात, त्याच्या जवळजवळ दुप्पट वजन पेट्रोलच्या रूपाने आपण स्वतःच वाहून नेलं. वर ड्रायव्हर सीटवर बसून राहिला, मागे टूलबॉक्स तसाच, हौद्याच्या कोपऱ्यात ओली वाळू. मग पावतीवर ५,२०० येतात आणि बोल लागतो बिचाऱ्या कव्हरला. याची मला मनापासून चीड येते. पावती एकदा नोंदीत गेली की बिल वर्षानुवर्षं त्याच आकड्यावर निघतं.

त्याच व्याख्येत पुढे गाडीला कायम जोडलेल्या पेट्या, कपाटं आणि बॉडीचे भाग धरले आहेत. ‘कायम’ हा शब्द बोटाने अधोरेखित करा. हौद्याच्या कडांना चिमट्यांनी आवळलेलं, दहा मिनिटांत हाताने निघणारं कव्हर आणि पत्र्याला भोकं पाडून बोल्ट मारून सीलंट भरलेलं टोपण, या दोन निराळ्या वस्तू आहेत. माझं वाचन असं की पहिलं काढून मग वजन करावं, दुसरं धरून.

आपल्याकडचं जाता जाता सांगतो, कारण गावाकडच्या भावासाठी पिकअप घेणारे इथे असतीलच. महाराष्ट्रात पिकअपसारख्या हलक्या मालवाहू गाडीचा कर २०२५ पर्यंत भारित वजनावर बसायचा, म्हणजे गाडी अधिक माल मिळून जी मर्यादा नोंदलेली असते तिच्यावर. त्यामुळे तिथे जड सांगाडा आणि ताडपत्री टाकली तर कराची पायरी हलत नसे, फक्त तेवढा माल कमी भरावा लागे. इथला हिशोब रिकाम्या गाडीचा. एकीकडचं गणित दुसरीकडे लावू नका.

दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. ‘कव्हर टाकलं की पिकअपची पॅसेंजर गाडी होते आणि वेट फी सुटते.’ नाही होत. कायद्यात कॅम्पर म्हणजे ज्यात माणसाच्या राहण्याची किंवा कॅम्पिंगची सोय आहे अशी रचना, आणि ती कायमची जोडली तर गाडी हाउस कार धरली जाते. सपाट कव्हरखाली माणूस राहत नाही, तिथे सायकल राहते. त्यामुळे पिकअप पिकअपच राहते. आणि हौदा काढून कप्प्यांची युटिलिटी बॉडी बसवली, तर ती कायद्याने पिकअपच उरत नाही. त्याचे नियम वेगळे आहेत, आज त्यात शिरत नाही.

पाच मिनिटं राहिल्याची खूण आली आहे, आणि फीची दुसरी ओळ बाकी आहे. व्हेइकल लायसन्स फी, गाडीच्या किमतीच्या ०.६५ टक्के. नवीन गाडीच्या बिलातच २,४०० डॉलरचं कव्हर लावून घेतलंत, तर पहिल्या वर्षी १५ डॉलर ६० सेंट जादा, दुसऱ्या वर्षी त्याचे ९० टक्के, असं उतरत अकराव्या वर्षी १५ टक्के. नंतर बॉडीत किंवा चासीत २,००० डॉलर किंवा त्याहून जास्त खर्चाची भर घातली, तर ते डीएमव्हीला, म्हणजे गाड्यांची नोंदणी करणाऱ्या इथल्या सरकारी खात्याला, कळवायचं असतं. दुरुस्तीचा खर्च यात येत नाही.

इलेक्ट्रिक पिकअपवाल्यांनी कव्हरची काळजी सोडावी. त्यांच्या पायऱ्या रुंद आहेत. ६,००० ते ९,९९९ पौंडांना सरसकट २६६ डॉलर, आणि बहुतेक गाड्या त्याच पायरीत बसतात.

वजन दुरुस्त करायचं असेल तर टाकीचा काटा खाली येऊ द्या, पाच गॅलनच्या आसपास. हौदा झाडून घ्या, सुटं सामान आणि चिमट्याचं कव्हर उतरवा, स्टेपनी जागेवर ठेवा. परवानाधारक सार्वजनिक वजनकाट्यावर जा, ड्रायव्हर खाली उतरल्यावरच नोंद घ्यायला सांगा, पावतीवर नंबर बरोबर आहे का ते तिथेच बघा. मग आरईजी २५६ फॉर्ममधला बॉडी बदलाचा भाग भरा. त्यात रिकामं वजन बदलल्याचं कारण, खर्च आणि तारीख विचारली आहे. सोबत ती पावती आणि गाडीची मालकीची कागदपत्रं जोडून डीएमव्हीत द्या. वजन ५,००० च्या पायरीच्या अलीकडे पन्नास-शंभर पौंडांत येत असेल, तर बोल्टवालं टोपण घेण्याआधी ७४ डॉलरला वर्षांनी गुणून बघा. प्रश्न असतील तर चहाच्या टेबलाशी या, पण येताना रजिस्ट्रेशन कार्ड बरोबर आणा, त्यावरचं वजन बघूनच बोलू.