आज किती झाले?

नमस्कार. आयोजकांनी मला विषय दिला होता 'ऑनलाइन पोकरची दुनिया'. पण दुनियेबद्दल बोलायला लागलो की आपण त्याच त्या गोष्टींवर येतो, कोण किती जिंकला आणि कोण कसा बुडाला, आणि ते तुम्हाला कुठेही ऐकायला मिळतं. मी हा पैसे लावून खेळायचा पत्त्यांचा खेळ सहा वर्षं खेळलो, त्यातली चार वर्षं दुसरं कुठलंही काम न करता. म्हणून मी फक्त एका दिवसाबद्दल बोलतो, पोकर खेळणाऱ्याचा साधा दिवस कसा असतो त्याबद्दल.

आमच्या घरात रोज एक प्रश्न असायचा. मी खोलीतून बाहेर आलो की आई विचारायची, "आज किती झाले?" त्यात काही वाईट नव्हतं, दुकानातून आलेल्या माणसाला आपण विचारतोच ना, आज धंदा कसा झाला, तसंच. पण मला त्याचं उत्तर देता यायचं नाही. आकडा सांगता यायचा, पण त्या आकड्यावरून मी दिवसभर काय केलं ते तिला कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही कळायचं नाही. आज माझं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवतीच आहे, की या कामात मेहनत आणि त्या दिवसाचं फळ यांची गाठच सुटलेली असते, आणि माणसाच्या मनाला तसं जगायची अजिबात सवय नसते.

थोडा हिशोब करूया, घाबरू नका, सोपा आहे. पोकरमध्ये कमाई बिग ब्लाइंडमध्ये मोजतात, म्हणजे टेबलवरची जी सक्तीची मोठी बोली असते तिच्या पटीत. समजा एक चांगला खेळाडू आहे, दर शंभर डावांमागे त्याला सरासरी पाच बिग ब्लाइंड सुटतात. हा खरंच चांगला आकडा आहे, भल्याभल्यांना जमत नाही. पण त्याच शंभर डावांत पैसे वरखाली किती होतात, तर साधारण 80 ते 100 बिग ब्लाइंड. आपण 80 धरू. आता चार टेबलं एकदम उघडून खेळलं तर तासाला अंदाजे 300 डाव होतात, पाच तास बसलं की 1500, म्हणजे आठवड्याला दहा हजार. दहा हजार डावांमागे त्याची अपेक्षित कमाई 500 बिग ब्लाइंड, आणि चढउतार 800 चा. त्याचा अर्थ असा की नीट, डोकं शांत ठेवून खेळूनसुद्धा जवळपास दर चार आठवड्यांतला एक आठवडा तो तोट्यात जाणार. आणि ज्याला पाच ऐवजी अडीचच सुटतात, हल्ली असेच जास्त, तो एक लाख डाव खेळला तरी सहातला एक जण तोट्यातच असणार, आणि एक लाख डाव म्हणजे रोज पाच तास धरले तर दोन महिन्यांच्या वर. दोन महिने रोज बरोबर काम करायचं आणि शेवटी खिशातून पैसे गेलेले असायचे, आणि त्यात तुमची चूक शून्य. उलटंही तेवढंच खरं आहे, दोन महिने वाईट खेळून पैसे जिंकलेले लोक मी पाहिलेत आणि त्यातला एक मी होतो, त्याच्यावर नंतर येतो.

प्रत्यक्ष टेबलवर बसून खेळतात तिथे तासाला जेमतेम 25-30 डाव होतात. एक लाख डाव खेळायला रोज आठ तास, एकही सुट्टी न घेता, सव्वा वर्ष लागेल. ऑनलाइनमध्ये तेवढेच धक्के दोन महिन्यांत बसतात. लोकांना वाटतं स्क्रीनवरचं म्हणून सौम्य असेल, पण तसं नाहीये, सगळं दाबून कमी वेळात बसवलेलं असतं.

आता एक रात्र सांगतो. सव्वाअकरा वाजलेत, चार टेबलं उघडी आहेत, डावीकडच्या वरच्या टेबलवर मला दोन एक्के आले, इस्पिकचा आणि बदामचा. 221 डावांत सरासरी एकदा येतात, याच्यापेक्षा चांगली सुरुवात पोकरमध्ये नाही. समोरच्याने बोली लावली, मी वाढवली, त्याने परत वाढवली, मी सगळं आत ढकललं, त्याने कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे लावले. पत्ते उघडले, त्याच्याकडे दोन राजे. इथे मी पाचातले चार वेळा जिंकतो, त्याहूनही थोडं जास्तच, 82 टक्के. मग टेबलवर दोघांसाठी सामाईक असे पाच पत्ते उघडतात. पहिले तीन पत्ते सात, दोन, गुलाम. चौथा चौकी. आता गड्डीत माहीत नसलेले 44 पत्ते उरले आणि त्यातले फक्त दोन, म्हणजे उरलेले दोन राजे, त्याला वाचवू शकतात. आला किल्वरचा राजा. चिप्स सरकल्याचा तो एक आवाज असतो, खेळलेल्या प्रत्येकाला तो ऐकू येतोय आत्ता, आणि माझे सगळे चिप्स पलीकडे गेले.

हे दुःख मोठं आहे पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. खालच्या उजव्या टेबलवर घड्याळ सुरू झालेलं होतं, माझी पाळी, बारा सेकंद उरलेले. बाकीची टेबलं तुमच्यासाठी थांबत नाहीत हो. हातात दोन गुलाम, समोरून मोठी बोली आलेली, आणि ती लावणारा असा माणूस की जो गेल्या चारशे डावांत तशी बोली फक्त एक्क्या-राजांवरच लावत होता, त्याच्याबद्दलची माझीच नोंद स्क्रीनवर माझ्यासमोर होती. मी ती वाचली नाही. मी कॉलचं बटण दाबलं, कारण मला काहीतरी दाबायचं होतं. तेही पैसे गेले.

म्हणजे एका मिनिटात दोन बाय-इन गेले, बाय-इन म्हणजे एका टेबलवर बसताना घेतलेले पैसे. पहिला नशिबाने गेला, दुसरा मी घालवला. आणि खेळाडू जे सॉफ्टवेअर वापरतात, त्यात कमाईची रेघ दिसते, त्या रेघेवर दोन्ही खड्डे अगदी सारखे दिसतात, एकाच मापाचे. त्या आठवड्यात एक्के हरल्याची गोष्ट मी निदान दहा जणांना सांगितली असेल. गुलामांची कुणालाच नाही. आम्ही पोकरवाले एकमेकांना भेटलो की हेच करतो, 'बॅड बीट' सांगत बसतो, कसं हातातोंडाशी आलेलं गेलं ते, आणि आमची खरी गळती जिथे आहे ते कधी तोंडावर येत नाही.

त्या गुलामांच्या डावात माझं जे झालं त्याला टिल्ट म्हणतात. शब्द पिनबॉलच्या मशीनवरून आलाय, मशीनला कुणी जोरात धक्का दिला किंवा कलंडवलं की त्यावर 'टिल्ट' असं यायचं आणि मशीन बंद पडायचं. मशीन बंद तरी पडतं. माणूस डोकं फिरलेलं असताना उलट जास्त टेबलं उघडतो, गेलेले परत मिळवायला वरच्या स्टेकला, म्हणजे जास्त पैशांच्या टेबलवर, जाऊन बसतो. त्या रात्री मी तेच केलं, चारची सहा टेबलं केली आणि दुप्पट स्टेकला गेलो, आणि पहाटे चार चाळीसला उठलो. किती गेले तो आकडा सांगण्यात अर्थ नाही, पण एक्क्यांच्या डावात जेवढे गेले त्याच्या नऊपट नंतर गेले, आणि ते सगळे माझे होते.

टूर्नामेंटवाल्यांचं तर आणखी अवघड. साधारण शंभर जण बसले तर पंधरा जणांना काही ना काही मिळतं, आणि खरे पैसे पहिल्या दोन-तीन नंबरांतच असतात. म्हणजे बहुतेक दिवस हरण्यातच जाणार हे ठरलेलं. मोठ्या टूर्नामेंट रविवारी असतात, म्हणजे घरातले सगळे जेव्हा एकत्र बसलेले असतात नेमका तेव्हा हा माणूस दार लावून बसतो. माझी एक मोठी जिंकलेली टूर्नामेंट पहाटे संपली. आठ-नऊ तास खेळून शेवटचा पत्ता माझ्या बाजूने पडला, आणि ओरडावंसं वाटलं, पण घरात सगळे झोपलेले. मी उभा राहिलो, परत बसलो, पाणी प्यायलो. सांगायला कुणी जागं नव्हतं. सकाळी सांगितलं तेव्हा माझ्यातलाच तो आनंद निघून गेला होता.

वाईट खेळून जिंकण्यावर नंतर येतो म्हणालो होतो. वाईट दिवसाला माणूस सावध असतो, चांगला दिवस जास्त घात करतो असं माझं स्पष्ट मत झालंय. मी नोकरी सोडली ती अशाच एका महिन्यात. सलग जिंकत होतो, बँकरोल, म्हणजे फक्त खेळासाठी बाजूला ठेवलेले पैसे, तिपटीने वाढले होते, आणि मला वाटलं आता मला खेळ कळला. त्या महिन्यात मी किती डाव खेळलो होतो, तर पस्तीस हजार. मघाशी आपण हिशोब केला, पस्तीस हजार डावांत काहीच सिद्ध होत नाही, आणि तो हिशोब मला तेव्हाही येत होता, पाठ होता. पण जिंकताना कुणाला तो हिशोब करावासा वाटतो? वर्षभराने जुने डाव काढून बघितले तेव्हा दिसलं की त्या महिन्यात मी खराब खेळत होतो, मला नुसते पत्ते येत होते.

आणि ही चूक एकट्याची नाही, सगळा ऑनलाइन पोकर असाच वाढला. 2003 साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट 86 डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी त्या स्पर्धेत 839 जण होते, पुढच्या वर्षी 2576 झाले, 2006 ला 8773. एका माणसाची एक स्पर्धा बघून हजारो लोकांनी स्वतःचा अंदाज बांधला. मग 15 एप्रिल 2011 ला अमेरिकन सरकारने मोठमोठ्या साइट अमेरिकेत बंद पाडल्या, आणि त्यातल्या एका साइटवर अडकलेले पैसे तिथल्या खेळाडूंना मिळायला 2014 उजाडलं. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं खेळा, स्क्रीनवर दिसणारी रक्कम बँकेत येईपर्यंत तुमची नसते. मी हे नव्याने खेळणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

एक गोष्ट आवाज चढवून सांगायची आहे कारण ती कुणी सांगत नाही. बहुतेक खेळाडू शेवटी हरतात. त्यात त्यांची बुद्धी कमी असते असं काही नाही. टेबलवर एकाचे जातात तेच दुसऱ्याला मिळतात, आणि मधल्या मध्ये साइट डावांमधून आपला वाटा काढते, त्याला रेक म्हणतात, बऱ्याच ठिकाणी तो पाच टक्क्यांच्या आसपास असतो आणि त्याला वरची मर्यादा असते. अगदी सारख्या ताकदीचे दोघं वर्षभर समोरासमोर खेळले तर सरासरीने दोघंही तोट्यातच राहतील. नुसतं चांगलं असून भागत नाही, रेक भरून उरेल इतकं चांगलं असावं लागतं, आणि समोरचे रोज सुधारत असतात. 2017 मध्ये लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार व्यावसायिक खेळाडूंना 1 लाख 20 हजार डावांत हरवलं, आता डावाची उत्तरं काढून देणारं सॉफ्टवेअर घरोघरी आहे, म्हणून ज्याला टिकायचंय त्याचा अर्धा दिवस अभ्यासात जातो, आणि त्या अभ्यासाचे पैसे कुणी देत नाही.

तर घरातला प्रश्न. मी एकदा चिडून आईला म्हणालो, किती ते विचारू नकोस, कसा खेळलो ते विचार. तिने विचारायला सुरुवात केली, आणि मला कळलं की त्याचंही उत्तर मी प्रामाणिक देत नाही, जिंकलो की "छान खेळलो" आणि हरलो की "पत्ते नव्हते". आकडा काही माझ्या तोंडून गेला नव्हता, फक्त त्याने कपडे बदलले होते. मग बहिणीने एक दिवस सहज विचारलं, "उठणार होतास कधी आणि उठलास कधी?" मी गप्पच झालो. कारण पत्ते माझ्या हातात नाहीत, समोरचा काय करेल ते नाही, रेक नाही, पण खुर्चीतून उठणं माझ्या हातात होतं, आणि तेवढं एक बघितलं तरी माझा कुठला दिवस कसा गेला ते शंभर टक्के कळत होतं.

त्या दिवसापासून मी वही घातली. पैशांचा रकाना त्यात नाहीच. बसलो कधी, उठायचं कधी ठरलं होतं, उठलो कधी, आणि ज्या डावाची लाज वाटली तो डाव. तुमच्या घरात कुणी खेळत असेल आणि ठरवलेली वेळ आणि उठलेली वेळ यात रोज अंतर वाढत असेल, किंवा तो तुमच्यापासून वेळ लपवायला लागला असेल, पैसे उसने घेत असेल, तर तो जिंकतोय का हरतोय ते बघत बसू नका, तेव्हाच त्याच्याशी बोला, आणि ऐकत नसेल तर व्यसनावर काम करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे घेऊन जा. मी जिंकत असतानाच ते अंतर पाच-पाच तासांचं झालं होतं आणि घरातल्या सगळ्यांना वाटत होतं की माझं बरं चाललंय.

आता मी आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळतो, दोन टेबलं, बाकी वेळ नोकरी. वही चालू आहे. पहिली वही मी आज आणलीय, पुढच्या रांगेपासून फिरवतो, हवी त्याने उघडून बघा. एक्क्यांच्या रात्रीबद्दल वही सुरू केल्यावर आठवून लिहिलंय, ते पहिलंच पान आहे. त्यात एक्क्यांचा डाव लिहिलेला नाही. गुलामांचा आहे, आणि खाली उठल्याची वेळ, चार चाळीस.