अंतर ठरलेलं, वेळ वाऱ्यावर

पृथ्वीचा गोल समोर ठेवा आणि एक दोरा घ्या. एक टोक टोकियोवर, दुसरं न्यूयॉर्कवर. दोरा ताणा. तो पॅसिफिकच्या मधून जात नाही, वर सरकतो आणि थेट अलास्कावर जाऊन बसतो. भिंतीवरच्या नकाशात हीच रेघ उगाच वळसा घेतल्यासारखी दिसते, पण तिथे दोष नकाशाचा आहे. मर्केटर या नकाशाकाराने १५६९ साली जो नकाशा काढला, त्यात ६० अंश अक्षांशावरचं अंतर दुप्पट ताणलेलं दिसतं. ताणलेला दोरा मात्र सगळ्यात जवळचीच वाट धरतो. तिला बृहद्वृत्त म्हणतात, आणि दोन शहरांमधलं हवाई अंतर म्हणून जो आकडा सांगतात, तो या वाटेचा.

तर अंतराचं कोडं सुटलं. लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५० किलोमीटर, आणि तेवढंच परतीला. मग जाताना वेळापत्रकात एक तास जास्त का? आज मला बोलायचंय ते यावर.

मला नेहमी विचारतात, पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तर पश्चिमेचं शहर आपणहून जवळ यायला नको का? प्रश्न चांगला आहे, पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. त्यामुळे फरक पडतो तो हवेच्या स्वतःच्या वेगाने. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद, वेगवान पट्टा वाहतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्याचा वेग ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. जपानमध्ये वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने फुगे सोडून हे वारे मोजले आणि १९२६ साली अहवाल छापला. जगभर वाचला जावा म्हणून त्यांनी तो एस्पेरान्तो या साऱ्या जगासाठी मुद्दाम घडवलेल्या भाषेत लिहिला, आणि नेमका म्हणूनच तो फारसा कोणी वाचला नाही! मला या माणसाबद्दल फार हळहळ वाटते.

८ आणि ९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. अटलांटिकवर वादळ होतं आणि त्याचा वारा पाठीशी होता. जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या आसपास गेला, तरी विमानाने ध्वनीच्या वेगाची मर्यादा ओलांडली नव्हती, कारण ती मर्यादा भोवतालच्या हवेच्या हिशेबाने मोजतात.

आता कुणी म्हणेल, जाताना तोटा, येताना फायदा, हिशेब बरोबरीत सुटला. करून पाहू. अंतर ५,६०० किलोमीटर, विमानाचा हवेतला वेग ताशी ९००, वारा १००. वारा पाठीशी असताना ५ तास ३६ मिनिटं, समोरून असताना ७ तास. बेरीज १२ तास ३६ मिनिटं. वारा नसता तर दोन्ही मिळून १२ तास २७ मिनिटं लागली असती. नऊ मिनिटं गेली कुठे? उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं, सुलट्या वाऱ्यातून लवकर सुटतं. म्हणून जाऊन-येऊन वारा आपल्याकडून थोडा वेळ काढून घेतोच.

तिकिटावरची वेळ याहूनही मोठी असते. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंतची रांग त्यात आली, उतरण्याआधी आकाशात मारलेल्या घिरट्याही आल्या.